दादा तसं म्हणाले होते



गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या ज्येष्ठांसमोर मी मृत्युपत्र या विषयावर बोलले. माझं बोलणं अर्धा तास चाललं आणि प्रश्न दीड तास. आरतीची वेळ झाली म्हणून थांबावं लागलं. पुढेही बरेच दिवस फोन येत राहिले. प्रश्न फिरून फिरून तेच असायचे, म्हणून संपादकांनी सांगितलं, "ताई, एकदा लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

आधी माझ्या कामाविषयी. मी सव्वीस वर्षं बडोद्यात वकिली करते आहे. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, वाटण्या, कौटुंबिक ट्रस्ट एवढंच माझं काम. मुंबईत अशा कामांसाठी लोक सॉलिसिटरकडे जातात. त्यांची वेगळी परीक्षा असते, जुन्या पेढ्या असतात. आपल्याकडे सगळे वकीलच. मराठी मंडळी मला ताई म्हणतात, गुजराती अशील वकीलबेन म्हणतात. दोघांच्याही तोंडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य मात्र एकच आहे: "दादा तसं म्हणाले होते." कधी दादांच्या जागी आई असते, कधी काका. ते वाक्य म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. पण कायद्याला ते ऐकू येत नाही.

एका घराची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. रावपुऱ्यामागे स्वतःच्या पैशाने बांधलेलं छोटं घर. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे नोकरीसाठी पुण्याला आणि नाशिकला गेले. मुलीने लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा अकरा वर्षं तिनेच सगळं केलं आणि आईमागे वडिलांचंही. दादा सगळ्यांसमोर म्हणायचे, "हे घर हिचं." दोन्ही भावांनाही ते मान्य होतं. एकाच कुटुंबात इतकं एकमत मी क्वचित पाहिलं आहे. म्हणूनच कुणाला ते लिहून ठेवावंसं वाटलं नाही.

दादा गेले. घराच्या कागदांना कुणी हात लावला नाही, कारण ताई तिथे राहतच होती. चार वर्षांनी नाशिकचा भाऊ अचानक गेला. आता त्याचा वाटा त्याच्या बायकोकडे आणि दोन मुलांकडे आला. दादांचं ते वाक्य मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. वहिनीने ऐकलं होतं, पण तिच्यावर घराचं कर्ज होतं आणि मुलांची शिक्षणं व्हायची होती. ती वाईट बाई नव्हती. तिने फक्त जे कायद्याने तिचं होतं ते मागितलं.

मोठ्या भावाने आपला वाटा बहिणीच्या नावे सोडला. तरी उरलेला एक तृतीयांश विकत घ्यायला तिच्याकडे पैसे कुठून येणार? घर विकलं गेलं. आज ती मांजलपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. वहिनीशी बोलणं बंद आहे आणि पुतणे लग्नाची पत्रिका पाठवतात, येत नाहीत. दादांनी एका कागदावर दहा ओळी लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली असती, तर यातलं काहीच झालं नसतं. तोंडी इच्छा ऐकणाऱ्यांबरोबर मरते, हे त्या प्रकरणात मी अगदी जवळून पाहिलं.

लिहिलं नाही तर कोणाला काय मिळतं?

मृत्युपत्र नसेल तर हिंदू माणसाच्या मिळकतीची वाटणी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे होते. पुरुष गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखे वाटे. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत नाहीत, हे ऐकून लोक दरवेळी चमकतात.

एक साधं उदाहरण घ्या. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बायको, दोन लहान मुलं आणि आई. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. तो गेला, तर फ्लॅटचे चार सारखे वाटे होतात. बायकोला पाव हिस्सा मिळतो. दोन पाव हिस्से अज्ञान मुलांचे असतात, आणि अज्ञान मुलाचा स्थावर मिळकतीतला वाटा आईलाही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे नवरा गेल्यावर तिला फ्लॅट विकून माहेराजवळ लहान घर घ्यायचं असेल, तर आधी न्यायालयाची पायरी. हे सगळं त्या माणसाला हवं होतं का? बहुतेक नसेल. "माझ्यामागे सगळं हिचंच" असं तोही कधीतरी म्हणाला असेल.

म्हणून मृत्युपत्र म्हातारपणी करायचं असतं ही समजूत सोडा. घराचं कर्ज काढता आणि मूल होतं, त्या वर्षी ते केलं पाहिजे. अज्ञान मुलांचं पालकत्व कोणी घ्यावं हेही आई-वडिलांना त्यात लिहिता येतं.

बायकांनी तर लिहायलाच हवं

बाईच्या बाबतीत कायदा वेगळी वाट धरतो, आणि ती फार थोड्या बायकांना माहीत असते. बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मिळकत आधी मुलांना आणि नवऱ्याला जाते. मूल नसेल आणि नवराही नसेल, तर पुढचा क्रम नवऱ्याच्या वारसांचा आहे. तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. फक्त माहेरहून, म्हणजे आई-वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत, मूल नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तिने नोकरी करून मिळवलेलं मात्र सासरच्या वाटेने जातं.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा खटला आला होता. नारायणीदेवी नावाच्या बाईचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली, शिकली, नोकरीला लागली, आणि १९९६ मध्ये गेली. मागे बँकेतले पैसे, प्रॉव्हिडंट फंड आणि थोडी मिळकत होती. मृत्युपत्र नव्हतं. ज्या आईने तिला सांभाळलं, शिकवलं, ती आई न्यायालयात गेली. समोर होते नवऱ्याच्या बहिणीचे मुलगे. न्यायालयाने सहानुभूती बाजूला ठेवावी लागते असं सांगून निकाल नवऱ्याच्या भाच्यांच्या बाजूने दिला, कारण कायद्यात तसंच लिहिलेलं होतं.

आपल्या मंडळात निवृत्त शिक्षिका, नर्स, बँकेतल्या भगिनी कितीतरी आहेत. काही एकट्या राहतात, काहींना मूल नाही. तुमचं पेन्शन, तुमच्या ठेवी, तुमचे दागिने कोणाकडे जावेत हे तुमच्या मनात नक्की ठरलेलं असतं: भाची, पुतणी, वर्षानुवर्षं घरात राबणारी बाई, एखादी शाळा. यातल्या कुणाचंही नाव कायद्याला आपणहून सुचणार नाही. नवऱ्याने केलंय म्हणजे माझंही झालं, असंही समजू नका. दोघांची दोन वेगळी मृत्युपत्रं हवीत.

"नॉमिनी आहे ना!"

हा दुसरा मोठा गैरसमज. बँकेत, सोसायटीत, म्युच्युअल फंडात नॉमिनी लावला की आपलं काम झालं असं लोकांना वाटतं. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा माणूस. खरे वारस वेगळे असू शकतात आणि त्याने ते त्यांना द्यायचे असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत बरीच वर्षं वाद होता. डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही, वारसा मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरतो.

आयुर्विम्याला एक अपवाद आहे. २०१५ पासून विम्यात आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर ती रक्कम त्यांचीच मानली जाते. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ही सोय चांगली आहे, जरूर वापरा, पैसे लवकर सुटतात. पण नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा. नॉमिनी मुलगा आणि मृत्युपत्रात नाव मुलीचं, असं झालं की बहीण-भाऊ समोरासमोर येतात. दोघांच्याही हातात वडिलांच्या सहीचा कागद असतो.

लेकींचा वाटा आणि "हक कमी"

९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदलेल्या वाटण्या मात्र उघडता येत नाहीत.

तरीही तेराव्याची पंगत उठली की बहिणींसमोर कागद येतो. महाराष्ट्रात त्याला हक्कसोडपत्र म्हणतात, आपल्याकडे गुजरातीत "हक कमी". बहिणी रडवेल्या असतात, भाऊ म्हणतो "नुसती सही आहे," आणि त्या करतात. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही मी खूप पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझं सांगणं एवढंच की सही करण्यापूर्वी कागद घरी न्या, वाचा, महिनाभराने करा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही.

मृत्युपत्रात काय देता येतं, हाही प्रश्न नेहमी येतो. स्वतः मिळवलेलं सगळं कोणालाही देता येतं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला फक्त आपला वाटा देता येतो. "आजोबांचं ते सगळं वडिलोपार्जित" हे सरसकट खरं नाही. १९५६ नंतर वडील वारले आणि त्यांच्या स्वतःच्या मिळकतीतला वाटा वारशाने मुलाकडे आला, तर तो त्या मुलाचा स्वतंत्र मानला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितलं आहे. तुमची मिळकत कोणत्या खणात बसते हे कागद पाहूनच कळतं. म्हणून अशील आला की मी आधी जुने दस्त मागते. बडोद्याच्या जुन्या घरांत अजून मोडीतले कागद निघतात. ते फेकू नका. वाचणारे अजून आहेत.

हद्द ओलांडली की नियम बदलतो

आपल्यासारख्या कुटुंबांची खरी गंमत इथे आहे. राहतं घर बडोद्यात, एक फ्लॅट पुण्यात, जमीन रत्नागिरीकडे चुलत्यांच्या सामायिक सातबाऱ्यावर, सून गोव्याची, मुलगी इंदूरला दिलेली. मृत्युपत्र एकच पुरतं, पण प्रत्येक ठिकाणी ते निराळ्या टेबलावर जातं. आपल्याकडे तलाठ्याचं पेढीनामुं आणि वारसाईची नोंद, महाराष्ट्रात वारस नोंद आणि फेरफार, मध्य प्रदेशात नामांतरण, बेळगावकडे उतारा, गोव्यात एक-चौदाचा उतारा. म्हणून मिळकतीचं वर्णन त्या त्या ठिकाणच्या कागदावर आहे तसंच लिहा: सर्व्हे नंबर, गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ. "गावाकडची जमीन" एवढ्यावर कोणताही तलाठी नोंद करणार नाही.

दोन ठिकाणी तर कायदाच वेगळा आहे. गुजरातमधली शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाच्या नावे मृत्युपत्राने देता येत नाही. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या कूळ कायद्याचा तसा अर्थ लावला. पादऱ्याकडे किंवा डभोईकडे शेत असेल आणि ते एखाद्या मित्राच्या मुलाला द्यायचं मनात असेल, तर आधी हे तपासा.

दुसरं ठिकाण गोवा. तिथे पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी कायद्याची परंपरा चालत आली आहे आणि आता वारशासाठी गोवा विधानसभेचा २०१२ चा कायदा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मिळकत दोघांची सामायिक होते. शिवाय मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या अर्ध्या मिळकतीचंच मृत्युपत्र करता येतं. उरलेली अर्धी त्यांच्यासाठी राखीव. मुलाला किंवा मुलीला मनात आलं म्हणून बेदखल करता येत नाही. हा नियम गोव्यातल्या हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना लागू आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं की गोवेकराची मिळकत गोव्याबाहेर, अगदी मुंबईत असली, तरी तिला हाच कायदा लागतो. तेव्हा सोयरीक फोंड्याची किंवा म्हापशाची असेल, तर "आमच्याकडे असंच करतात" म्हणून बडोद्याचा मसुदा व्याह्यांना पाठवू नका.

आत्ताच देऊन टाकू का?

हा प्रश्न सत्तरीच्या पुढचे लोक विचारतात, आणि विचारताना शेजारी मुलगा बसलेला असतो. अशा वेळी मी मुलाला बाहेर चहा घ्यायला पाठवते. काहींना राग येतो, पण हा माझा नियम आहे.

बक्षीसपत्र केलं, त्याची नोंदणी झाली, की घर त्या क्षणी तुमचं राहत नाही. मृत्युपत्र तुमच्यामागे लागू होतं. तोपर्यंत घर तुमचं, आणि मन बदललं तर कागदही बदलता येतो. द्यायचंच असेल, तर "माझा आणि पत्नीचा शेवटपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर" ही ओळ बक्षीसपत्रातच हवी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातलं कलम २३ त्यासाठीच आहे: सांभाळण्याची अट मोडली तर दिलेली मिळकत परत मागता येते. छतरपूरच्या एका आईने २०१९ मध्ये मुलाला मिळकत बक्षीस दिली होती. मुलाने सांभाळलं नाही. ती लढली, आणि २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द केलं. त्या निकालाचा आनंद आहेच. पण त्या वयात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा घर आपल्याच नावावर ठेवलेलं बरं, असं मला वाटतं.

आमच्यानंतर याचं कोण?

माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात शांत बसणारे आई-बाप हे. मूल तीस-पस्तीस वर्षांचं असतं, पण स्वतःचे व्यवहार करू शकत नाही. अशा मुलाच्या नावावर थेट घर किंवा मोठी ठेव ठेवली, तर ती सांभाळणार कोण? इथे ट्रस्ट कामाला येतो. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो. दोन-तीन विश्वस्त नेमायचे: एक नात्यातला, एक बाहेरचा, निदान एक पालकांपेक्षा बराच लहान. घराचं भाडं, ठेवींचं व्याज मुलाच्या औषधाला, देखभालीला, राहण्याला वापरायचं, आणि त्याच्यानंतर उरेल ते कोणाला, हेही लिहायचं. घर ट्रस्टमध्ये टाकायचं तर तो दस्त नोंदवावा लागतो.

पैशाची व्यवस्था आणि माणसाची व्यवस्था या दोन गोष्टी आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. अठरा वर्षं झाली की आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. अर्ज तेव्हाच करा.

एका आईने मला ट्रस्टच्या कागदाबरोबर दोन पानं जोडायला लावली होती. मुलाला कोणती भाजी चालते, तो कोणत्या आवाजाला घाबरतो, झोपताना कोणता दिवा लागतो. कायद्याने त्या पानांना किंमत नाही. पण विश्वस्तांपैकी एकाने नंतर मला सांगितलं, की तो रोज वापरतो तो कागद तोच.

लिहायचं कसं?

आता कामाचं बोलू. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलं चालतं, अंगठाही चालतो. वकील हवाच असंही नाही. हे लिहिताना माझंच नुकसान आहे. लागतात त्या गोष्टी थोड्याच.

करणारा सज्ञान आणि शुद्धीवर असावा. त्याने दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदारांना मजकूर वाचायला द्यायची गरज नाही. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान वयाचे, गावात राहणारे आणि तुमच्या मिळकतीतून काहीही न मिळणारे निवडा. पुढे वाद झाला, तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात येऊन सांगावं लागतं. रोजच्या फिरण्यातले दोन समवयस्क मित्र घेतले आणि तिघेही पाच वर्षांत गेले, असं मी पाहिलं आहे.

नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करायला सांगते. सही खरी की खोटी हा वाद कमी होतो. गुप्तता हवी असेल, तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवायची सोय आहे. आपल्या बडोद्यात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही.

भाषा करणाऱ्याला समजणारी हवी. मराठीत लिहिलंत तर उत्तम, पण इथल्या सरकारी टेबलावर ते वाचायचं आहे. सोबत गुजराती किंवा इंग्रजी भाषांतर ठेवा. वय जास्त असेल किंवा आजारपण चालू असेल, तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. ज्याला सगळं मिळतं आहे त्यानेच वकील आणला, मसुदा केला आणि साक्षीदार गोळा केले, तर न्यायालय संशयाने पाहतं. तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमा. "याशिवाय जे काही उरेल ते अमुकला" ही ओळ विसरू नका, कारण मृत्युपत्रानंतर घेतलेली ठेव त्याच ओळीत सामावते. तारीख घाला, शेवटचं मृत्युपत्र खरं मानलं जातं. जुनी रद्द केली असं लिहा. आणि मूळ कागद कुठे आहे हे निदान दोघांना सांगा. बँकेच्या लॉकरमध्ये एकट्याच्या नावावर ठेवलेलं मृत्युपत्र काढायला किती खेटे घालावे लागतात, ते त्या घरच्यांना विचारा.

कारणही लिहा

शेवटची गोष्ट कायद्यात नाही, माझ्या अनुभवातली आहे. वाटे सारखे नसतील, तर का नाहीत ते दोन ओळींत लिहा. "मोठ्याच्या परदेशातल्या शिक्षणासाठी मी कर्ज काढून दिलं, म्हणून घर धाकट्याला." "मुलीने आमचं आजारपण काढलं, म्हणून दागिन्यांबरोबर ठेवीही तिला." ज्याला कमी मिळतं, त्याला बहुतेक वेळा पैशाचं दुःख कमी असतं. आई-बाबांना मी कमी आवडत होतो का, हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षं छळतो. ते गेल्यावर त्याचं उत्तर देणारं कोणी उरत नाही. त्या दोन ओळी ते उत्तर देतात. न्यायालयातही त्यांचा उपयोग होतो, कारण वाटे असमान का हे वाचणाऱ्याला कळतं.

आणि जमलं तर मुलांना आधी सांगा. दिवाळीत सगळे जमतात, पुण्याहून, टोरंटोहून. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, फराळाच्या ताटल्या उचलल्यावर, "आम्ही कागद करून ठेवलेत, ते या कपाटात आहेत" एवढं तरी बोला. सुरुवातीला कुणीतरी "अहो, सणासुदीला कसलं अभद्र बोलता" म्हणेल. म्हणू द्या. पुढच्या दहा मिनिटांत तेच विचारतील, "बाबा, त्या कोकणातल्या जागेचं काय करायचं हो?"

या आठवड्यात एवढं करा. एक वही घ्या. एका पानावर काय काय आहे ते लिहा: घर, ठेवी, विमा, शेअर, लॉकर, दागिने, कोणाला दिलेले उसने पैसे, आपली कर्जं. समोर लिहा कागद कुठे आहेत आणि नॉमिनी कोण. दुसऱ्या पानावर ते कोणाला जावं ते लिहा. ही वही म्हणजे मृत्युपत्र नव्हे, पण अर्धं काम तिथेच होतं. उरलेलं अर्धं म्हणजे एक तारीख, तुमची सही आणि दोन साक्षीदार.